मुक्या डोहावरची दुपार

बसा. वीज आठच्या आत काही येत नाही, तोवर हा कंदीलच. चहात दूध नाही. आमच्या डोंगरातल्या लाल झुडपाचा आहे, तो असाच प्यायचा.

उद्या नदीवर नेतो म्हटलंय तर नेईन. धबधब्याखालचे सातही डोह दाखवीन. तुम्ही त्या डबीत गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माशा बांधून आणल्यात, त्यातल्या दोन चांगल्या आहेत. बाकीच्यांना मासा हसेल. पण धबधब्याच्या वरचा डोह मागू नका. आल्यापासून तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोनदा मी विषय बदलला. तिसऱ्यांदा विचारायच्या आत सांगूनच टाकतो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर लागला होता; आमच्याकडे हिवाळा आणि पाऊस जून ते ऑगस्ट. हिवाळ्याचा पूर ओसरून डोरिंग नदी उतरणीला लागली होती आणि पाणी काचेसारखं निवळलं होतं. अशा पाण्यात पिवळा मासा आपल्याला लांबून दिसतो. आपणही त्याला लांबून दिसतो. एका सकाळी मी अंगणात वहाणेचा पट्टा शिवत बसलो होतो, तर मार्लीज स्टॉफबर्ग फाटकाशी येऊन उभी राहिली.

स्टॉफबर्ग म्हणजे संत्र्यांच्या बागावाले. वरची सगळी घळ, धबधब्यापासून उगमाकडे, त्यांच्या नावावर. मार्लीज त्या घरातली एकुलती एक मुलगी, तिशीची, माशांच्या सरकारी खात्यात कामाला. मला ती 'ऊम बारेन्ड' म्हणायची, म्हणजे बारेन्डकाका. गोऱ्या घरातल्या मुलीने आमच्या मिशनच्या वस्तीतल्या माणसाला असं म्हणावं, हे तिच्या बापाला खपत नसे. ती मुद्दाम त्याच्यासमोर म्हणायची.

तिचं माझ्याकडचं काम साधं होतं. बापाला एक दिवस वरच्या डोहावर न्यायचं, गळ टाकायला.

म्हणाली, "एकदा डोळ्यांनी बघू दे त्यांना. मग तरी सही करतील."

सही कशावर, तेही सांगतो. या नदीत बास नावाचा मासा आहे ना, हिरवट पाठीचा, मोठ्या जबड्याचा, तो आमचा नव्हे. बाहेरून आणलेला. धबधबा चढून तो वर कधीच गेला नसता. पण मार्लीजच्या आजोबांना वरच्या पाण्यातही त्याच्याशी झुंजायची हौस होती. त्यांनी त्या दिवसाच्या साठ वर्षं आधी त्याची पिल्लं पत्र्याच्या डब्यांत भरून वर नेली आणि सोडली. त्यानंतर त्या पाण्यात पिवळ्याचं एक पिल्लू जगलं नाही. अंडी फुटली की बास उभाच. उरले होते ते पाचसहा म्हातारे पिवळे, हातभर लांबीचे, ज्यांना गिळणं बासला जमत नव्हतं. ते मेले की संपलं. खात्याचं म्हणणं, म्हातारे पिवळे आधी काढून घेऊ, मग औषध टाकून बास मारू, आणि पिवळे परत सोडू. पण जमीन लोरेन्स स्टॉफबर्गची, मार्लीजच्या बापाची. त्याने दोनदा कागद परत पाठवला होता. माझ्या बापाने सोडलेला मासा माझ्या जमिनीत मरणार नाही, असं त्याचं म्हणणं.

आता माझं. ते डबे गाढवावर लादून वर नेणारा माणूस माझा आजा होता, टीटस ओखेस. त्याच फेरीत तो त्या डोहात बुडाला. दारू प्यायला होता, पाय घसरला, असं स्टॉफबर्गांनी खाली येऊन मिशनच्या पाद्र्याला सांगितलं. प्रेत मिळालं नाही. म्हणून आमच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड नाही. माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती. मरेपर्यंत ती एकच सांगत राहिली की बाबांनी दारूला कधी हात लावला नव्हता. कुणी ऐकलं नाही. स्टॉफबर्गांकडून त्या आठवड्यात पिठाचं एक पोतं आणि साखर आली, आणि आमच्याकडे ती खाल्ली गेली. घरात खायला दुसरं नव्हतं.

मग मी हो का म्हटलं? बास मरावेत म्हणून. दुसरं कारण नाही. तीस वर्षं लोकांना नदीवर नेतोय, पण एखाद्या माशाचा असा राग मी कधी केला नव्हता. माझ्या आजाच्या गाढवावरून गेलेले ते मासे मला पोट वर करून तरंगताना बघायचे होते.

पहाटे निघालो आणि उन्हं तापायच्या आत घळीत उतरलो. मी पुढे, मधे लोरेन्स, मागे मार्लीज. लोरेन्स अडुसष्टचा, पण खांदे अजून बैलासारखे. बापलेकीत गाडीतच काहीतरी झालं असावं, कारण वाटेत दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. लोरेन्स जे बोलायचं ते माझ्याशी बोलत होता, आणि ते तिला ऐकवण्यासाठी.

"काय रे बारेन्ड, मासे दाखवायला नेतोयस की माझं डोकं फिरवायला?"

"मी फक्त वाट दाखवतो साहेब."

"वाट मला ठाऊक आहे. तू जन्मायच्या आधीपासून."

हे तो बोलून गेला. मला गंमत वाटली, कारण मार्लीजने मला आधीच सांगितलं होतं की बाबा त्या डोहावर कधीच गेले नाहीत. शिकारीला, गुरं शोधायला सगळीकडे जातात, तिथे नाही. पण धबधब्याशेजारून वर चढायला एक चोरवाट आहे, रानजैतुनाच्या झाडामागे, जी मला सापडायला दोन उन्हाळे लागले होते. लोरेन्स त्या झाडापाशी माझ्याआधी वळला. त्याचे पाय आपोआप वळले.

धबधब्यापर्यंत माकडं कड्यावरून आमच्यावर भुंकत होती. मोठी, काळ्या तोंडाची; माणूस दिसला की गोंगाट करतातच. धबधब्याच्या वर आलो आणि ती थांबली. मागे वळून पाहिलं तर ती कड्यावर रांगेने बसलेली होती, आमच्याकडे पाहत, पण तोंडं मिटून.

त्या डोहाला आमच्यात मुका डोह म्हणतात. वरच्या अंगाला खळाळ आहे, खालच्या अंगाला धबधबा. दोन्हीकडे पाणी बोंबलतंय, आणि मधे दोनशे पावलांचा हा डोह, दोन्ही बाजूंना तांबडे कडे. त्याच्या काठाशी आलं की दोन्ही आवाज बंद होतात. हळूहळू नाही, दार लावून घेतल्यासारखे. आपला श्वास आपल्याला मोठा वाटायला लागतो. मी पूर्वी तिथे दोनचारदा जाऊन आलो होतो, एकटाच, आईला न सांगता. भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मात्र एक वास आला. ओल्या पोत्याचा, आणि त्याखाली जनावराच्या भिजलेल्या कातडीचा. ऊन डोक्यावर, दगड हाताला चटके देतायत, कुठे एक पोतं नाही, जनावर नाही. मार्लीजनेही नाक वर केलं. लोरेन्सने रुमाल काढून तोंड पुसलं आणि तो रुमाल नाकाशीच धरून ठेवला.

डोहाच्या वरच्या टोकाला एक सपाट काळा खडक पाण्यावर पुढे आलाय. आम्ही तिथे ओझी ठेवली. मार्लीज पोटावर पालथी पडून पाण्यात बघायला लागली. मग तिने मला हळूच हाक मारली.

"ऊम बारेन्ड… हे असे का उभे आहेत?"

मी वाकून पाहिलं. मासे होते. पाच म्हातारे पिवळे, सोनेरी, जाड ओठांचे. आणि त्यांच्या मधेमधे बास, तीसचाळीस तरी, लहानमोठे. खांद्याला खांदा लावून. बास पिवळ्याच्या शेजारी असा स्वस्थ कधी राहत नाही आणि पिवळा त्याला राहू देत नाही. पण खरी गोष्ट ती नव्हती. मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. खाणं वरून वाहत येतं, श्वासही तसाच घेता येतो. गळ टाकणारा पोर पहिल्या दिवशी हे शिकतो. ते पाणी आमच्या उजवीकडून, खळाळाकडून येत होतं. आणि ते सगळे मासे त्याला आडवे, एका ओळीत, कल्ले हलवत, आमच्या खडकाकडे तोंड करून उभे होते.

लोरेन्स गळाची काठी जोडायला चार पावलं डावीकडे गेला. ती सगळी ओळ डावीकडे वळली.

तो परत आला. ओळ परत वळली.

मी मार्लीजकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिचा चेहरा शास्त्राच्या माणसाचा झाला होता, कपाळाला आठी; मनातल्या मनात काही कारण शोधत होती. सावलीमुळे असेल, ती म्हणाली. मी म्हटलं, असेल. सूर्य डोक्यावर होता, सावली कुणाचीच नव्हती.

लोरेन्सनेही पाहिलं असणार. पण तो हट्टी. म्हणाला, आणलंय तर गळ टाकून जाणार. त्याचा हात मात्र सुंदर होता, ते कबूल करायला हवं. दोरी मागे उलगडायची, हवेत थांबायची, मग पुढे जाऊन माशी पाण्यावर अशी ठेवायची की पाण्याला कळू नये. पहिल्याच फेकीला माशी पिवळ्याच्या नाकासमोर पडली. मासा हलला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. तो लोरेन्सकडे बघत होता.

चौथ्या की पाचव्या फेकीला दोरी ताणली. माशाचा हिसका वेगळा असतो, तो हाताला कळतो. हे तसं नव्हतं. कुणी दोरीचं टोक हातात घ्यावं आणि सावकाश मागे सरावं, तसं ते होतं. काठीवरची दोरीची फिरकी हळूहळू फिरली. लोरेन्स म्हणाला, खडकात अडकलं. मी म्हटलं, खडक चालत नाही साहेब. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कानफटात मारेल. तेवढ्यात दोरी सैल पडली.

त्याने ती गुंडाळून आत घेतली. माशी नव्हती. ते होतंच, माशी तुटतेच. पण तुटलेल्या दोऱ्याचं टोक विस्कटलेलं असतं. या टोकाला गाठ होती. दुहेरी, मधून एक फेर काढलेली, घट्ट. केसाएवढ्या बारीक दोऱ्यात इतकी नीट गाठ मला उजेडात, चष्मा लावून बांधता येणार नाही. ती गाठ मी ओळखली. आमच्या वस्तीत गाढवावरचं ओझं तसंच बांधतात. ओझं कितीही हिंदकळलं तरी सुटत नाही, आणि हवं तेव्हा एका झटक्यात उकलते.

लोरेन्सने ती बोटांत धरली. बराच वेळ.

"हे तू केलंस," तो मला म्हणाला.

"मी तुमच्यापासून दहा हात लांब होतो."

"घरून बांधून आणलंस. तुम्ही लोक विसरत नाही, नाही का?"

"काय विसरायचं, साहेब?"

 मार्लीज मधे पडली, म्हणाली, बाबा, पुरे, आपण परत जाऊ. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान मुलीचा वाटला. तिथेच चुकलं. ती भांडली असती तर तो कदाचित निघालाही असता. तिला भ्यालेली पाहून त्याला चेव आला. त्याने नवी माशी बांधली, पायाने चाचपत खडकाच्या बाजूने पाण्यात उतरला आणि पाण्याखालच्या कपारीवरून आत चालायला लागला. गुडघ्याएवढं, मग मांडीएवढं, मग कमरेएवढं. मासे त्याला वाट देत नव्हते. ते त्याच्याभोवती गोळा होत होते, तोंडं त्याच्याकडेच. त्याच्या पायांना घासत होते. बास आणि पिवळे एकत्र. मी ओरडून थांबायला सांगितलं. डोहाने माझा आवाज खाल्ला. माझा मलाच ऐकू आला नाही.

छातीएवढ्या पाण्यात तो उभा राहिला. काठी वर केली. आणि तशीच वर धरून, फेक न टाकता, मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिला. कुणी खालच्या आवाजात काही विचारावं आणि आपण नीट ऐकायला वाकावं, तसा तो किंचित वाकला. मग तो म्हणाला, आणि हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं, अगदी कानाशी,

"बाहेर आले. दोन्ही आले…"

आणि खाली गेला. घसरला नाही, हात मारले नाहीत. सरळ खाली. काठी पाण्यावर राहिली.

मार्लीज खालच्या बाजूने, वाळूवरून धावली आणि तिने उडी घेतली. मी खडकावर पालथा पडलो आणि उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. तळाचा गाळ वर आला होता, आता काही दिसत नव्हतं. पाणी इतकं गार की हाड दुखलं. वरच्या थराला उन्हाने कोमट होतं, आणि वीतभर खाली बर्फ. मी हात इकडून तिकडे फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. आणि एका हाताने माझं मनगट धरलं.

मी देवाचं नाव घेतलं आणि ओढलं. जड होता. लोरेन्स जडच होता. मी गुडघे खडकाच्या खाचेत रोवले, डाव्या हाताने खडकाची कड धरली आणि एकेक वीत वर घेत गेलो. ती बोटं आखूड होती, जाड, तळव्याला दोरखंडाचे घट्टे. ते माझ्या लक्षात येत होतं आणि येऊनही येत नव्हतं. कोपर पाण्याच्या वर आलं. बाही जाड्याभरड्या कापडाची होती, काळपट, कडेला पोत्याच्या सुतळीने शिवलेली.

"ऊम बारेन्ड."

मार्लीजची हाक. खालून, वाळूकडून. दम लागलेला, पण ओरडणं नाही.

"सोडा… मिळाले बाबा. इकडे आहेत, माझ्याजवळ."

मी मान वळवली. पन्नास पावलांवर, वाळूत, ती गुडघ्यांवर बसली होती आणि लोरेन्स तिच्या मांडीवर आडवा होऊन पाणी ओकत होता. त्याचे दोन्ही हात मला दिसत होते.

माझ्या हातातला हात ओढत नव्हता, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. मला आत न्यायचं असतं तर केव्हाच नेलं असतं. तो फक्त धरून होता. अंगठा माझ्या नाडीवर होता. पुढे काय ते मी ठरवायचं होतं. अजून एक वीत ओढलं असतं तर खांदा आला असता, मग मान, मग चेहरा. माझ्या आईने जो चेहरा साठ वर्षं आठवून आठवून झिजवला, तो मला बघायला मिळाला असता. त्याला दगड मिळाला असता, नाव मिळालं असतं.

मी बोटं उघडली.

त्याने लगेच सोडलं नाही. क्षणभर वाट पाहिली. मग सोडलं, सावकाश, एकेक बोट. जसं झोपलेल्या पोराच्या मुठीतून कुणी आपलं बोट काढून घेतं. गाळ खाली बसला. मासे वळले, आणि पुन्हा जसे उभे राहायला हवेत तसे, प्रवाहाकडे तोंड करून उभे राहिले. बास लांब, पिवळे लांब. आणि धबधबा ऐकू यायला लागला.

त्या दिवशी घळीतून बाहेर पडणं शक्य नव्हतं. धबधब्याखाली वाळवंटात मुक्काम केला. संध्याकाळ होती, कड्याच्या माथ्यावर अजून ऊन होतं. मी निखाऱ्यांवर भाकरी टाकल्या. मार्लीज पाणी आणायला खालच्या डोहाकडे गेली, तेवढ्या वेळात लोरेन्स माझ्याजवळ सरकून बसला. दोन घोंगड्या पांघरूनही त्याचे दात वाजत होते.

"तू खडकावरून कुणाला ओढत होतास?" त्याने विचारलं.

मी भाकरी उलटली.

"सोडलास?"

"हो."

"मीही सोडला होता," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं, निखाऱ्यांकडे बघत, मधेमधे थांबत. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. बापाबरोबर हौसेने आला होता. त्या काळ्या खडकापाशी गाढव बुजलं आणि डब्यांसकट पाण्यात गेलं. टीटस त्याच्यामागे उतरला. दारूचा वासही नव्हता त्याला. गाढव तर गेलं. पण टीटसने पाण्याखाली ओझ्याची गाठ उकलली आणि एक डबा वर धरला. तो दमला होता, हनुवटीपर्यंत पाण्यात होता, त्याने दुसरा हात पुढे केला. खडकावरून मालक, म्हणजे लोरेन्सचा बाप, म्हणाला, आधी डबे. टीटस पुन्हा खाली गेला. दुसरा डबा घेऊन आला. विचारलं, दोन्ही बाहेर आले का, मालक? आणि पुन्हा हात पुढे केला. मालकाच्या दोन्ही हातांत डबे होते. पिल्लं जिवंत आहेत की नाही ते तो बघत होता. त्याने मुलाला सांगितलं, दे रे त्याला हात. मुलाने दिला.

"त्याने घट्ट धरला," लोरेन्स म्हणाला. "मला वाटलं, मला आत ओढतो. ओढत नव्हता. मला ते तेव्हाही कळलं होतं, बारेन्ड. तरी मी सोडला."

 दुपारपर्यंत मी त्याच्या नरडीला हात घातला असता. साठ वर्षं माझ्या आईला खोटं पाडलं या माणसांनी. पण दुपारनंतर माझ्याकडे त्याला बोलायला तोंडच उरलं नव्हतं. तो आठ वर्षांचा होता. मी बावन्न वर्षांचा होतो. आणि माझा तर तो आजा होता. मी त्याच्या हातात भाकरी दिली. त्याने ती तशीच धरून ठेवली, खाल्ली नाही.

मार्लीज परत आली तेव्हा त्याने तिच्याकडे कागद मागितला आणि गाडीच्या चाव्यांनी दाबून गुडघ्यावरच सही केली. तिने का म्हणून विचारलं नाही. घरी पोचल्यावर लोरेन्स पाद्र्याकडे गेला आणि हे सगळं त्याने भर चर्चमध्ये, उभं राहून, आमच्या लोकांसमोर सांगितलं. कुणी उठून बाहेर गेलं नाही आणि कुणी त्याचा हातही हातात घेतला नाही. पुढच्या जूनमध्ये तो अंथरुणातच वारला, छातीत कफ होऊन. दफनभूमीत माझ्या आजाच्या नावाचा दगड आता आहे, आईच्या शेजारी. खाली काही नाही.

सहीनंतरच्या फेब्रुवारीत खात्याची माणसं आली. पिवळे काढले, औषध टाकलं, तीन दिवस बास वेचले. मीही वेचले, पोतीच्या पोती. मला वाटलं होतं आनंद होईल. नाही झाला, मेलेला मासा तो मेलेला मासा. मग पिवळे परत सोडले, आणि आता त्या पाण्यात बोटाएवढी पिल्लं झुंडीने फिरतात, मार्लीज मला फोटो दाखवते. ती दर वर्षी मोजायला जाते. तिला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. मुका डोह आता चांगला बोलतो म्हणे. मी गेलेलो नाही. म्हणून म्हणतो, खालचे सात डोह तुमचे. वर जायचं तर तिच्याबरोबर जा, माझ्याबरोबर नको.

भुताला घाबरतो असं समजू नका. त्याने माझं काय वाईट केलं? मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते, आणि ती घळीतली नाही, या घरातली आहे.

रविवारी चर्चहून आलं की जेवण होतं आणि मी तासभर आडवा होतो, त्या खिडकीखालच्या खाटेवर. भर दुपारी, दार उघडं, कोंबड्या आत येतात. मला गाढ झोप लागते, स्वप्न म्हणून पडत नाही. पण रेगीना, माझी बायको, म्हणते की झोपेत माझा उजवा हात खाटेवरून खाली लोंबतो, आणि तो साधा लोंबत नाही. ताणलेला असतो, शिरा वर आलेल्या, बोटं वळलेली. गेल्या महिन्यात तिला वाटलं, हाताला रग लागेल. म्हणून तिने माझं मनगट धरलं आणि हात उचलून छातीवर ठेवायला गेली. हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. मला जाग नाही.

संध्याकाळी मला जेवायला वाढताना तिने हे सांगितलं, आणि मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "मी ओढत होते, बारेन्ड, आणि येत होता हो वर… हाताला धरून कुणीतरी थोडा थोडा येत होता. मग मी घाबरले."

मी विचारलं, मग काय केलंस?

तिने वाटी उचलून आत नेली. उत्तर तिने मला अजून दिलेलं नाही, आणि त्या दिवसापासून ती भांडी घासताना उजवा हात पाण्यात घालत नाही.

आली वाटतं वीज. कंदील विझवू नका, राहू द्या तसाच.